रिकाम्या स्टुलाला दिलेला धडा

चिकपेट, बेंगळुरू
७ ऑगस्ट १९९७

चि. बाळ यास अक्काचा आशीर्वाद.

मस्कतला उकाडा किती, तब्येत कशी, असलं काही विचारणार नाही. विचारून तू सांगतोस थोडंच! तीन वर्षांत तुझ्याकडून काय आलं, तर दिवाळीचं छापील कार्ड, तेसुद्धा तुझ्या बायकोच्या, रम्याच्या अक्षरात. तरी लिहितेय. जित्याची खोड, दुसरं काय.

बाबांची टायपिंग इन्स्टिट्यूट चालू आहे. "अक्का, ही टकटक बंद कर, नाहीतर मी जातो," म्हणाला होतास. मी बंद केली नाही आणि तू गेलास. यात तुझी चूक नाही आणि माझीही नाही. तुझी भव्या सात वर्षं त्याच आवाजात खेळली, झोपली, जेवली. ती गेल्यावर तुला तो आवाज सोसेना, आणि मला त्याच्याशिवाय घर सोसलं नसतं. एका तापानं पोर नेली आणि आपल्याला दोन वेगळी दुखणी लावून गेला. आईबापांच्या मागं आपण दोघंच, आणि मधे समुद्र. असो.

आता ती टकटक आपोआपच कमी झालीय, हे ऐकून तुला बरं वाटेल. समोरच्या माडीवर कंप्यूटर क्लास आलाय. काचेचं दार, आत गारवा, बाहेर चपलांचा ढीग. कानामागून आली आणि तिखट झाली! माझ्याकडे कोर्टाची परीक्षा देणारे दोघंतिघं उरलेत, आणि कावेरी आहे. कावेरी म्हणजे वरच्या खोलीत राहणारी खानापूरची मुलगी. माझ्याकडेच शिकली आणि आता महादेवपुऱ्याकडे एका कंपनीत दिवसभर आकडे भरते.

एकदा रागारागानं त्या क्लासात जाऊन त्यांचा कीबोर्ड बोटाखाली घेऊन बघितला. अय्यो, काय ते! भिजलेल्या कणकेत बोट घालावं तसं. अक्षर उमटलं की नाही ते बोटाला कळतच नाही, मान वर करून बघावं लागतं. जन्मभर मी पोरांना सांगत आले, डोळे कागदावर आणि अक्कल बोटात.

मग नागोजी भेटला. तुझ्याबरोबर गोट्या खेळायचा तोच, आता एस. पी. रोडवर भंगाराचं दुकान थाटून बसलाय. मोठमोठी ऑफिसं जुने कंप्यूटर फेकून नवे घेताहेत, ते सगळं त्याच्या दारात. त्या ढिगातून एक कीबोर्ड ओढायला गेले तर उचलेना, तळाला चक्क जाड पत्रा! एक बटण दाबलं आणि खट्! बाळ, खट्! पोटातली बारकी स्प्रिंग वाकते, निसटते आणि बोटाला सांगते, झालं, उमटलं. दुकानात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नागोजीला वाटलं चिमटा बसला.

तेव्हापासून मला त्याचंच वेड लागलंय. बटणं सगळी काढायची, रिठ्याच्या पाण्यात घालायची, गच्चीवर धोतराच्या फडक्यावर वाळवायची, तोवर आतला मळ जुन्या रंगाच्या ब्रशनं काढायचा. कुणाच्या पोटात स्प्रिंग, कुणाच्या पोटात लोहचुंबक. काहींची अक्षरं वरून छापलेली नसतात, एका रंगाच्या प्लास्टिकमध्ये दुसऱ्या रंगाचं ओतलेलं असतं, बोटं झिजतील पण अक्षर झिजायचं नाही. बाबांच्या काळातल्या फडताळात आता पितळेच्या भांड्यांऐवजी हेच. "अक्का, लोक भंगारातून तांबं काढतात, तुम्ही आवाज काढता," नागोजी म्हणतो.

परवा त्यानं एक फिकट पिवळा दिला. वजनदार, वायर कुणीतरी मुळाशीच कापलेली. कशालाच जोडता येणार नाही, पण आवाज सगळ्यांत गोड. तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलाय, भव्याचं स्टूल असायचं तिथं. स्टूल अजून तिथंच आहे. मी हलवलेलं नाही.

भव्या या दसऱ्याला दहाची झाली असती. तुला आठवतं ना, किती मागं लागायची? "आत्या, मला शिकव." आणि मी म्हणायची, करंगळीत जोर आल्याशिवाय मशीनला हात नाही, दहाव्या वर्षी दसऱ्याला तुझा पहिला धडा. रोज स्वतःची करंगळी दाबून विचारायची, आला का जोर?

पत्राला उत्तर धाड.

तुझी अक्का, अनुसूया

१४ ऑक्टोबर १९९७

चि. बाळ,

दसरा झाला. सोनं इथूनच मनातल्या मनात दिलं, घे.

एक सांगायचंय आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. रम्याला वाचून दाखवू नकोस.

खंडेनवमीला नेहमीसारखी सगळी मशीनं पुसली, फुलं वाहिली, दारात कोहळा फोडला. समोरच्या क्लासवाल्यांनीही फोडला, त्यांची पोरं कंप्यूटरला झेंडूच्या माळा घालत होती. मी माझ्या त्या पिवळ्या कीबोर्डला हौसेनं प्रत्येक बटणावर कुंकवाचं एकेक बोट लावलं. त्या दिवशी कशावरही हात चालवायचा नाही, हत्यारांना विश्रांती. सगळं झाकून ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा द्यायचा, ही बाबांची रीत. बाबांच्या वेळेपासून तो दिवस कधी रिकामा गेला नव्हता. यंदा कोणी आलंच नाही. पाटी पुसून, उदबत्ती लावून मी दुपारपर्यंत बसले. समोरच्या जिन्यावर नुसती रीघ! मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की म्हटलं, धडा चुकवायचा नाही म्हणजे नाही. ते स्टूल पुढं ओढलं, पिवळा कीबोर्ड त्याच्यासमोर ठेवला आणि रिकाम्या स्टुलाला पहिला धडा दिला.

तू हसशील. पण मी तो नीट दिला, बाबांच्या पद्धतीनं. बाकीचे लोक ओळीओळीनं शिकवतात. आपल्याकडे एकेक बोट. एका बोटाच्या सगळ्या कळा, म्हणजे बटणं, येईस्तोवर दुसऱ्या बोटाला शिवायचं नाही. मास्तरानं आधी आपलं बोट कळेवर ठेवायचं, दाबायचं, उचलायचं आणि म्हणायचं, "माझं बोट झालं, आता तुझं." मग थांबायचं. मी डाव्या करंगळीनं इंग्रजी ए दाबला. म्हटलं, माझं बोट झालं, आता तुझं. आणि थांबले.

काही झालं नाही रे. सुम्मने, उगीच, बसून राहिले, मग ए वरचं माझ्या बोटानं पुसलेलं कुंकू परत लावलं आणि भात लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बॅचच्या वेळी, म्हणजे भव्या शाळेतून येऊन बसायची त्या वेळी, मी आत डाळ निवडत होते. वर्गात कोणी नव्हतं. खट्. एकच. बऱ्याच वेळानं परत खट्. मला वाटलं स्प्रिंग सैल झाली असेल. जाऊन बघितलं तर सगळ्या बटणांवरचं कुंकू जसंच्या तसं, फक्त ए वरचं पुसलेलं. त्यात एक बोट उमटलं होतं. एवढंसं, वाटाण्याएवढं.

उंदीर असेल म्हणतील लोक. उंदराच्या बोटाला रेषा असतात का, सांग.

अक्का

६ नोव्हेंबर १९९७

चि. बाळ,

दिवाळीचं कार्ड पोचलं. रम्याला म्हणावं, अक्षर सुधारलं. माझ्या पत्राबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. उंदराबद्दलसुद्धा नाही.

चकल्या यंदा केल्या नाहीत. सोऱ्या धरवेना. डाव्या हाताला जरा मुंग्या येतात, थंडीचं असेल, बेंगळुरूची थंडी तुला माहीत आहे. ते राहू दे.

ती शिकतेय, बाळ.

आता रोज येते. मी समोर गेले की थांबते, नवी पोरं थांबतात तशीच, कुणी बघताना चुकायची लाज वाटते ना. म्हणून मी स्वयंपाकघरात पाठ करून बसते आणि इथूनच ओरडते, "घाई नको! बोट उचल, घासू नकोस!" आणि ऐकते बरं का! दुसऱ्या दिवशी ती चूक नसते. इतकी वर्षं शिकवतेय, पाठमोरी बसून सांगते मी कोण कुठल्या बोटानं काय दाबतंय. प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा. हे बोट लहान मुलाचं आहे, नवशिक्याचं आहे, आणि हट्टी आहे.

भव्याच कशावरून, असं तू म्हणणार. म्हण! ती जेवणाच्या टेबलावर खोटं खोटं टायपिंग करायची आठवतं? चार बोटं झाली की पाचव्याला टाच, स्टुलाच्या पायावर, ठण्. तू ओरडायचास, भव्या, टाच फुटेल. काल डाव्या हाताची चारही बोटं पहिल्यांदा एका दमात आली. खट् खट् खट् खट्, आणि मग ठण्.

माझ्या हातातली वाटी खाली पडली. बाळ, मी भ्यायले नाही म्हटलं तर खोटं होईल. आणि तरी मी काय केलं माहीत आहे? पदरानं तोंड पुसून ओरडले, "शाब्बास!" दुसरं काय ओरडणार? पोर चार बोटं शिकली होती.

तू ये. चार दिवसांची रजा काढ आणि ये. तुझी मुलगी तुझ्या घरात टायपिंग शिकतेय, तिचा आवाज एकदा ऐक. हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि मला वेड लागलं असेल, तर तेही इथं येऊन आपल्या डोळ्यांनी बघ.

तुझी अक्का

१९ जानेवारी १९९८

बाळ,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी तुझ्या हातचं अक्षर बघितलं आणि पाकीट फोडायच्या आधीच रडले. आत काय, तर एकच ओळ. "अक्का, डॉक्टरला दाखव."

दाखवलं. समाधान?

तर ऐक. लपवणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायला जमत नाही, तुला पाळण्यात झोका दिलाय मी. माझा डावा हात गेला. म्हणजे हात आहे, रंगही बरा आहे, पण बोटं नाहीत माझी. आधी करंगळी. दसऱ्यानंतर एकदा दूध उकळताना पातेल्याला लागली, कातडी पोळली आणि मला वासानं कळलं. मग अनामिका, मग मधलं, मग तर्जनी. ज्या क्रमानं धडा दिला, त्याच क्रमानं. डॉक्टरनं सुई टोचली, हातोडी मारली, साखर तपासली. "नस दबली असेल," म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर, नसेला धड्याचा क्रम कसा कळला? त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

"माझं बोट झालं, आता तुझं," असं मीच म्हणते ना रोज. तिनं काही हिसकावून घेतलेलं नाही. तिला हात नाहीत, बाळ. हातांशिवाय पोरीनं टायपिंग शिकावं तरी कशानं?

मी मधे थांबले होते. तुला वाटेल अक्कानं अक्कल गहाण टाकलीय, तर तसं नाही, मला माझे हात प्रिय आहेत. डाव्या हाताचे धडे संपल्यावर मी उजव्याचा धडा दिलाच नाही. कीबोर्डवर गोणपाट टाकलं आणि कावेरीकडे वर जाऊन बसले. पहिल्या दिवशी नुसती टाच ऐकू आली, ठण्, ठण्, भव्या वाट बघताना करायची तशी. दुसऱ्या दिवशी टाच नाही. नुसता ए. परत ए. परत ए. दिवे लागेपर्यंत एकच कळ, जिथून मी शिकवायला सुरुवात केली ती. आजारपणात शेवटी ती "आत्या, आत्या" एवढंच म्हणत होती, तू औषधाला गेला होतास तेव्हा. तू नव्हतास, मी होते.

मी खाली गेले आणि उजव्या करंगळीचा धडा दिला.

संक्रांतीला नागोजी आला होता. एळ्ळू-बेल्ला घेऊन, म्हणजे आपला तिळगूळ. माझा हात बघून म्हणाला, "अक्का, तो पिवळा मला परत द्या, मी त्याला भट्टीत घालतो." मी म्हटलं, स्वल्प थांब, चहा घे, मग बघू. चहा होईस्तोवर बॅचची वेळ झाली. नागोजीनं ऐकलं. कप खाली ठेवला, उठला आणि अनवाणी निघून गेला. त्याच्या चपला अजून माझ्या दारात आहेत, कुणाच्या हाती पाठवाव्या विचार करतेय.

म्हणजे एकट्या मलाच ऐकू येत नाही. आता तरी ये. हे अक्षर वाकडं आलंय, समजून घे. करंगळी कागदावर टेकते ते आता कळत नाही.

अक्का

२४ फेब्रुवारी १९९८

बाळ,

फक्त तर्जनी आणि अंगठा उरलाय, त्यात पेन धरून लिहितेय. तर्जनीचा धडा काल पुरा झाला, तेव्हा तीही चालली. जायच्या आत लिहिते.

आपल्याकडची रीत तुला पाठ आहे. सगळी बोटं बसली की विद्यार्थ्यानं पहिलं पत्र वडिलांना टाइप करायचं. स्पेसबारचा, म्हणजे अंगठ्याचा धडा राहिलाय, पण मला धीर धरवेना. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून सांगितलं, "भव्या, आता अप्पांना पत्र लिही."

मग सुरू झालं. इंग्रजी अक्षरं, बोलणं आपलंच. एकेक बोट मी कानानं ओळखत गेले आणि तोंडानं जुळवत गेले. बाळ, ऐक काय लिहिलं ते.

अप्पा या.

मग थांबली. दमली असेल. मी जमिनीवर बसून इतकी रडले, इतकी हसले, की वरून कावेरी धावत आली.

तुला बोलावलंय तिनं. माझं ऐकू नकोस, मी म्हातारी, खुळी, सगळं कबूल. पण पोरीचं ऐकशील की नाही? कावेरी हे पत्र लवकर जाईल असं करून पाठवतेय. विमानाचं बघ. ये.

अक्का

१२ मार्च १९९८
बाई सांगताहेत तसं लिहिणार, कावेरी

बाळ,

अक्षर बघून घाबरू नकोस, कावेरीच्या हातून लिहवून घेतेय. माझे हात मांडीवर आहेत. कावेरीनंच उचलून ठेवले.

आधी महत्त्वाचं. येऊ नकोस.

कावेरी विचारतेय, "बाई, बरोबर ऐकलं ना मी?" हो, बरोबर ऐकलं. लिही. येऊ नकोस.

जन्मभर पोरांना बजावत आले, ओळ पुरी झाल्याशिवाय मशीनमधून कागद ओढू नका. किती जणांच्या हातावर पट्टी मारली असेन त्यासाठी! आणि मी काय केलं? पोरीची ओळ अर्धी असताना उचलली आणि तुला पाठवून दिली. ती दमून थांबली होती, तिची ओळ संपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिली आणि त्या दिवशी पुरी केली. मी पुन्हा पुन्हा लिहायला लावली, वाटलं माझा कान चुकला असेल. कान चुकत नाही माझा.

अप्पा या आत्याचे हात संपले.

एवढंच आहे तिचं पत्र. रोज तेच येतं, आणि मग टाच.

बाळ, ती वाईट नाही हं. तसं मनात आणू नकोस. तिच्या लेखी पेन्सिल संपली की दुसरी मागायची, तसं आहे ते. लहान मूल काय, हाताशी असेल ते मागतं, आणि माझं सगळं संपलं म्हणून आता बापाकडे मागतेय. तू तर देशीलच. मला माहीत आहे तू कसा आहेस. तिच्या तापात "देवा, माझं काय हवं ते घे" म्हणून तू भिंतीवर डोकं आपटत होतास. कुणी मागायला नव्हतं, म्हणून राहिलास. आता मागणारी आहे. पण तुझे हात कारखान्यात लेथ मशीनवर चालणारे, त्यांच्यावर रम्या आहे, तुझं घर आहे. माझं काय, मला भरवायला कावेरी आहे.

कावेरी रडतेय. रडू नकोस ग, अक्षर फिसकटेल.

मी उपाय काढलाय. अंगठे मी दिलेले नाहीत. स्पेसबारचा धडा सगळ्यांत सोपा, एका संध्याकाळचा. पण मी तो रोज थोडा शिकवते, रोज चूक काढते, रोज म्हणते, "अजून जमत नाही, उद्या परत." तिला येतं, मी नाही म्हणते. विद्यार्थ्याला असं छळलेलं मला कधी आवडलं नाही. पण धडा संपेपर्यंत माझी विद्यार्थीण दुसऱ्या मास्तराकडे जायची नाही, हीही आपल्याकडची रीतच. जितके दिवस निघतील तितके काढते.

तेव्हा तू तिथंच राहा. मी आजवर जेवढ्या वेळा "ये" लिहिलं, तेवढं सगळं खोड. पत्र लिहू नकोस, तिला तुझं अक्षर नको दिसायला. दिवाळीचं कार्ड रम्यालाच लिहू दे.

एकच मनापासून सांगते. ती फार सुंदर टाइप करते. बाबा असते तर त्यांनी टोपी काढली असती. तू ऐकायला हवं होतंस, बाळ. फार वाटत होतं मला, तू नि मी दोघं त्या स्वयंपाकघरात बसून ऐकू.

सुखी राहा. हात जप.

तुझी अक्का

बाळअण्णा, खालचं मी माझं लिहितेय, बाईंना सांगितलेलं नाही.

मी कावेरी. हे पत्र मी पोस्टात टाकायला निघाले तेव्हा खालच्या साडीच्या दुकानात फोनवर तुमचा निरोप आलेला होता, की तुम्ही रविवारी सकाळी पोचताय. लगेच मस्कतला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, तुम्ही मुंबईला आधीच निघालात, तिथं मित्राकडे राहून पुढं बेंगळुरूला येणार. मित्राचा नंबर त्यांना माहीत नाही. म्हणून पत्र पोस्टात न टाकता दुकानाच्या शेटजींकडे ठेवतेय आणि सांगून ठेवतेय, की तुम्हाला जिना चढू देण्याआधी हे हातात द्यायचं. मला रविवारी शिफ्ट आहे, सुट्टी मागितलीय, मिळेल की नाही सांगता येत नाही.

मी आधी यातलं काही मानत नव्हते. बाईंना पॅरालिसिस झालाय आणि त्यांना मुलीचा भास होतो, असंच मला वाटायचं. तो कीबोर्ड मी दोनदा बघितला, उलटा करूनही बघितला, आत काही नाही. पण हे पत्र लिहून होईपर्यंत तो बाहेर वर्गात वाजत होता आणि बाई माझ्यासमोर बसलेल्या होत्या, हात मांडीवर. मी रोज आठ तास टायपिंग करते, मला स्पीड कळतो. इतका स्पीड आमच्या फ्लोअरवर कुणाचा नाही.

निरोप बाईंना सांगितला नव्हता मी. रविवार हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. पण जिन्यावरून परत वर आले तर बाई रडत होत्या. म्हणाल्या, "कावेरी, तिनं ओळ बदलली. आता नुसतं 'अप्पा आले' असं लिहितेय."

तुम्ही हे जिन्याखाली उभं राहून वाचत असाल. बाईंना खाली बोलावू नका, त्या उठल्या की ती शोधायला लागते. वर टकटक चालू असेल, तर तसेच मागं फिरा आणि रम्यावहिनींकडे जा. ती एकदम थांबली, तर तुमची पावलं तिनं ऐकली आहेत.

हात खिशात घाला, अण्णा, आणि जा.